शब्दांची विचारपूस : लाइन उनी का?

प्रश्न : बाईंना नमस्कार. मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय ७१, शिक्षण जुनी अकरावी. नात आठवीला आहे, सेमी इंग्रजीत. परवा तिने डिक्शनरीत 'लाइन' शब्द काढला आणि म्हणाली, "आबा, याचे तर तीसच्या वर अर्थ आहेत. मी कोणता पाठ करू?" तेव्हा मी हसलो. पण रात्री दोनला मोटार चालू करायला उठलो आणि माझ्याच तोंडून आमच्या बोलीत निघालं, "लाइन उनी का रे?", म्हणजे वीज आली का रे? मग काही झोप लागली नाही. पडल्या पडल्या मोजत बसलो. वीज म्हणजे लाइन. ड्रिपची मेन लाइन. रेशन दुकानापुढची लाइन. भुसावळला जाते ती रेल्वे लाइन. मुलीच्या लग्नाच्या वेळी विचारलं होतं, मुलगा कोणत्या लाइनचा? पुतण्या हाताबाहेर गेला होता, तो आता लाइनवर आला. हा एकच शब्द आहे, की एकसारखे दिसणारे दहा वेगवेगळे? आणि पोरीला मी काय सांगू?
– एक आबा, यावल तालुका

उत्तर : आबा, खरं तर तुम्ही माझ्यापेक्षा फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठे असाल. तरीही आबाच म्हणते, पत्राखाली तुम्हीच तसं लिहिलंय.

शब्द एकच आहे. आणि तो ज्या झाडापासून निघाला ते झाड तुमच्या वडिलांनी नक्की पेरलं असेल. जवस. हरभऱ्याच्या कडेने चार ओळी टाकायच्या, थंडीत निळी फुलं यायची आणि बाजरीच्या भाकरीबरोबर वर्षभराची चटणी व्हायची, ते जवस. लॅटिनमध्ये त्याला लिनम म्हणत. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये झाडांना शास्त्रीय नावं दिली तेव्हा जवसाला म्हटलं 'लिनम युसिटाटिसिमम', म्हणजे अतिशय वापरातलं जवस. बाकीच्या वनस्पतींना नावं देताना तो इतका खूश झालेला दिसत नाही.

आपण जवस पिकवतो ते दाण्यासाठी, तेलासाठी. युरोपात त्याची उंच वाढणारी, कमी फांद्यांची जात खोडाच्या धाग्यासाठी लावत आले. आपल्याकडे अंबाडीचं करतात तसंच त्याचंही करायचं. पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या, मग वाळवून, झोडपून वाख काढायचा. त्या वाखाचं जे कापड झालं ते लिनन. त्याचा जो पीळ दिलेला दोरा तो लॅटिनमध्ये लिनिया, आणि त्या लिनियाची इंग्रजीतली लेक म्हणजे लाइन. सुताराच्या दुकानात मिळणारं लिनसीड ऑइल हेही त्याच घरातलं, म्हणजे सरळ सरळ जवसाचं तेल. पोरं क्रिकेटच्या नव्या बॅटला ते चोळतात आणि मैदानावर जाऊन 'बोलरची लाइन चुकतेय' म्हणून ओरडतात. दोन्ही वेळा एकाच झाडाचं नाव घेतोय, हे त्यांच्या गावीही नसतं.

म्हणजे लाइन या शब्दाचा पहिला अर्थ रेघ नाही, रांगही नाही. पहिला अर्थ दोरी. नातीला एवढं कळलं तरी अर्ध्याहून जास्त काम झालं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी दुसरीकडून कळलं होतं, फक्त कळलंय हे कळलं नव्हतं. माझे वडील अमळनेरला गवंडी होते. त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा, पाणसळ आणि एका लाकडी चिपेला गुंडाळलेली दोरी असायची. तिला सगळे गवंडी म्हणतात 'लाइनदोरी'. मी इंग्रजीची बी.ए. झाले तेव्हा या शब्दाला नाकं मुरडायचे. काय हे अडाणी मराठी, अर्धं इंग्रजी आणि अर्धं देशी! पुढे एक दिवस व्युत्पत्तिकोश उघडला आणि लाज वाटली. लाइन म्हणजेच दोरी. आपले गवंडी एकच शब्द दोन भाषांत सलग म्हणत होते, आणि दोन्हीकडे बरोबर होते.

भिंत कशी उभी राहते ते तुम्ही पाहिलंच असेल. दोन्ही कोपऱ्यांच्या विटा आधी ओळंब्यात बसवायच्या. मग दोन्हीकडे खिळे ठोकून मध्ये दोरी ताणायची आणि त्या दोरीच्या अंगाने एकेक वीट ठेवत जायची. थर पुरा झाला की दोरी एक वीट वर. वडिलांचा एकच नियम होता: वीट दोरीच्या जवळ जाईल, पण दोरीला टेकणार नाही. टेकली की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला बघून बसते आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला पोट सुटतं. शाळेच्या सुटीत मी त्यांच्याबरोबर जायचे. दोरी बोटाने हळूच छेडून बघायची मला सवय होती. ती टण्ण वाजली की बरोबर ताणलीय.

आता तुमची रात्रीची यादी या दोरीवर टांगून पाहा, आबा.

दोरी ताणली की सरळ होते. म्हणून लाइन म्हणजे सरळ रेघ. कागदावर अक्षरं त्या रेघेवर बसतात म्हणून लाइन म्हणजे लिहिलेली ओळ. कवितेची ओळ, नटाच्या तोंडचं वाक्य, दोन ओळींचं पत्र, हे सगळं तिथूनच आलं. माणसं त्या रेघेवर उभी राहिली की तुमचं रेशन दुकान. पुतण्या लाइनवर आला, म्हणजे ओळीच्या बाहेर गेलेली वीट पुन्हा ठोकून दोरीत बसवली. हे आपण मराठीत केलंय, आणि झकास केलंय.

दोरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. म्हणून लाइन म्हणजे मार्ग. तुमची भुसावळची लाइन ती हीच. भुसावळला तर लाइनींचा गुंताच आहे. मुंबईहून आलेला रस्ता तिथे फुटतो, एक फाटा नागपूरकडे, एक खंडव्यावरून इटारसीकडे. आमच्या अमळनेरला 'सुरत लाइन' आहे, जळगावहून नंदुरबारमार्गे उधन्याला जाणारी. गावात पत्ता सांगताना 'लाइनपल्याड' एवढं म्हटलं की बास. जलवाहिनीची लाइन, ड्रिपची मेन लाइन आणि तिला जोडलेल्या बारीक नळ्या या त्याच जातीच्या: इथून तिथे काहीतरी नेणारं लांबट काही.

दोरी दोन टोकं जोडते. इथे तुमची वीज आली. आधी तारायंत्राच्या तारेला लाइन म्हणायला लागले, मग टेलिफोनच्या, मग विजेच्या. मग मराठी माणसाने एक पाऊल पुढे टाकलं. तारेतून जे येतं त्यालाच त्याने लाइन म्हटलं. 'लाइन गेली' म्हणताना तार खांबावर जागच्या जागी असते आणि तरी ती गेलेली असते! इंग्रज माणूस असं म्हणत नाही. तो म्हणतो पॉवर गेली. नातीला हे मुद्दाम सांगा, कारण परीक्षेत ती 'द लाइन हॅज गॉन' लिहील आणि गुण जातील. शेतात मात्र तुम्ही खुशाल म्हणा, तिथे तपासनीस नसतो.

दोरीने हद्द आखली जाते. बांधावरून भावाभावांची कोर्टबाजी होते, देशांचीही होते. १८९३ ची ड्युरँड लाइन, १९१४ ची मॅकमोहन लाइन, १९४७ ची रॅडक्लिफ लाइन. तिन्हींची भांडणं अजून चालू आहेत, कागदावर कुणीतरी दोरी ताणली होती म्हणून.

आणि जावयाची लाइन. आधी वंश, कारण बाप-लेक-नातू ही एक लांबणारी दोरी. राजघराण्यात 'पुढचा वारस कोण' हे सांगताना इंग्रजीत हाच शब्द येतो. पुढे घराण्याचा धंदा, मग नुसता धंदा. आमच्या अमळनेरातच याचं मोठं उदाहरण आहे. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली, वनस्पती तूप करायची. त्याच लांबलचक नावाचं आखूड रूप म्हणजे विप्रो. तुपाचा डबा सोडून संगणकात गेली. याला म्हणतात लाइन बदलणं. आमच्या गल्लीत मात्र एखादा पोरगा बी.ए. सोडून आयटीआयला गेला तरी आया डोक्याला हात लावून म्हणायच्या, "लाइन बदलली हो त्याने!"

एक अर्थ मात्र दोरीवर टांगता येत नाही, आणि त्यानेच मला एकदा तोंडघशी पाडलं. नोकरीचं दुसरंच वर्ष. वर्गात तपासणीला साहेब आलेले, मागच्या बाकावर बसलेले. धड्यात वाक्य होतं की त्या अधिकाऱ्याने 'लाइन्ड हिज पॉकेट्स'. मी मोठ्या विश्वासाने फळ्यावर अर्थ लिहिला: त्याने खिशांना अस्तर लावले. वर्गाने लिहून घेतलं. साहेब काही बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "मॅडम, खिशाला अस्तर सगळेच लावतात, ते कशाचं हे बघायचं असतं." त्याने खिसे भरले होते, लाच खाल्ली होती! गंमत अशी की माझा अर्थ शब्दशः बरोबर होता. कोटाच्या आत लिननचं कापड लावत म्हणून आतून लावण्याच्या क्रियेलाच 'लाइन' म्हणू लागले, आणि लावलेलं ते लायनिंग. म्हणजे झाड तेच, पण इथे दोरी नाही, कापड आलं. नातीला सांगताना हा अर्थ वेगळ्या खुंटीला अडकवा.

आता जे सांगणार आहे ते कोणत्याही कोशात या प्रकारे मला सापडलेलं नाही. यावर बरंच बसून विचार केलाय, तेव्हा जरा ऐकून घ्या. इंग्रजीच्या या लाइनचं आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही, कारण आपल्याकडे 'सूत' आहे. सुतानेही थेट तोच प्रवास केलाय, आपला आपण, इंग्रजाला न विचारता. माणूस वठणीवर आला की तो 'सुतासारखा सरळ' होतो. लाइनवर येतो म्हणा ना. संस्कृतात सूत्र म्हणजे दोरा, पण सूत्र म्हणजे थोडक्यात बांधलेलं वाक्यही. म्हणजे लिखाणाची लाइन. गणितातलं सूत्रही तेच. दोरी धरून लाकूड कापणारा तो सुतार, त्याच्या नावातच सूत बसलंय. नाटकाचा दोरा हातात धरतो तो सूत्रधार. गुन्ह्याचे 'धागेदोरे' सापडतात. इंग्रजीतही क्लू या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडाळा असाच आहे! आणि माप? वडील दुकानात जाऊन म्हणायचे, "तीन सुताची सळई दे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या इंग्रजी मापात इंचाच्या बाराव्या भागाला म्हणत, ऐका, एक लाइन. दोन देश, दोन झाडं, तिकडे जवस आणि इकडे आपला कापूस. पण बारीकशी लांबी मोजायला दोघांनाही दोराच आठवला.

इथे थांबते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सुतावरून स्वर्ग गाठायला निघाल्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नातीला एकही अर्थ पाठ करायला लावू नका. कपडे वाळत घालायची दोरी तिला दाखवा आणि म्हणा, ही लाइन. इंग्रजीत त्या दोरीलाही लाइनच म्हणतात, मासे धरायच्या गळाच्या दोरीलाही. मग प्रत्येक वाक्यात तिने फक्त एवढंच विचारायचं की इथे दोरी काय करतेय. सरळ करतेय, जोडतेय, नेतेय, की अडवतेय? 'ही फरगॉट हिज लाइन्स': नट वाक्यं विसरला, ओळ. 'होल्ड द लाइन': फोन ठेवू नका, जोडलेली तार. 'आय ड्रॉ द लाइन हिअर': यापुढे मी जाणार नाही, हद्द. तीस अर्थ चारांत येतात. पाचवा तो अस्तराचा.

प्रश्न : बाई, माझं धुळ्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर 'ऑनलाइन', 'ऑफलाइन' चालू असतं. दुकानात येणारे एक काका रोज म्हणतात, मराठी शब्द वापर. ऑनलाइनला मराठीत काय म्हणू? आणि कंपनीवाले सारखे 'डेडलाइन' देतात. त्यात मेलं कोण? शेवटचं, रागावू नका, 'लाइन मारणे' हे इंग्रजीत आहे का?
– एक दुकानदार, धुळे

उत्तर : शेवटच्यापासून सुरू करते, कारण माझं तिथे दुखणं आहे.

गवंडी आणि सुतार लोक गेरूत किंवा निळीत दोरी बुडवतात, दोन टोकांना ताणून धरतात आणि मध्ये चिमटीने उचलून सोडतात. फट् आवाज होतो आणि फरशीवर किंवा भिंतीवर सरळ रेघ उमटते. याला म्हणतात 'लाइन मारणे'. मी कॉलेजला गेले १९७१ मध्ये. होस्टेलवर पहिल्याच दिवशी मुलींनी विचारलं, वडील काय करतात? मी भाबडेपणाने सांगितलं, "गवंडी आहेत. सध्या एका बंगल्यावर आहेत, सकाळपासून लाइन मारतात." पुढे तीन वर्षं मला त्या हॉस्टेलवर तोंड वर काढता आलं नाही. आपल्याकडचा हा दुसरा अर्थ देशीच आहे बाळा, इंग्रजी नाही. इंग्रजीत मुलीशी बोलायला काढलेल्या घोटलेल्या वाक्याला लाइन म्हणतात खरं, पण तिथे ती ओळ आहे, मारतबिरत कुणी नाही. आणि आपल्या आज्यांकडे याहून सभ्य शब्द होता: 'दोघांचं सूत जुळलं.' वरच्या आबांच्या उत्तरात सुतावर बरंच लिहिलंय, ते वाच.

ऑनलाइन म्हणजे मुळात तारेला जोडलेला. आज तुझ्या दुकानातल्या निम्म्या गोष्टींना तारच नाही, तरी शब्द तारेचाच राहिला. काकांना सांग, 'जोडलेला' किंवा 'जालावर' म्हणून बघतो. पण गिऱ्हाइकाला 'तुमचा अर्ज जालावर भरू का' विचारलंस तर ते घाबरून शेजारच्या दुकानात जाईल. लिहिताना वापर, बोलताना ऑनलाइनच राहू दे. तसंही नेट म्हणजे जाळं, आणि जाळं दोऱ्याचंच विणतात. दोऱ्यापासून सुटका कुठेच नाही.

डेडलाइनमध्ये मात्र माणसं खरोखर मेली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हाची, १८६४ ची गोष्ट. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. लाकडी खांबांच्या उंच तटाच्या आत, काही पावलांवर, एक बुटकं कुंपण होतं. ते ओलांडलं किंवा त्याला नुसता हात लावला तरी वरच्या चौकीतला पहारेकरी विचारपूस न करता गोळी घालायचा. त्या कुंपणाला नाव होतं डेड-लाइन. पुढे विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांनी तो शब्द उचलला: या वेळेनंतर आलेली बातमी मेली. आमच्या संपादकांचा दर महिन्याच्या २० तारखेला फोन येतो. त्यांना अजून हा इतिहास मी सांगितलेला नाही. या अंकात वाचतील.

प्रश्न : आदरणीय बाई, मी तळोदा तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो. माझी मुलं घरी भिल्ली बोलतात, शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी. त्यांना मी 'बॅट' म्हणजे फळी सांगितलं, तर पुढच्याच धड्यात बॅट म्हणजे वटवाघूळ आलं. 'बँक' पैशाची आणि नदीचा काठही. मुलं म्हणतात, सर, एकाचं दुसऱ्याशी काय नातं? मला सांगता येईना. सगळ्याच शब्दांचं मूळ एक असतं का?
– एक शिक्षक, तळोदा

उत्तर : सर, सगळ्यांचं नसतं. आणि हे ठामपणे सांगितलं नाही तर मुलं ओढूनताणून नाती लावत बसतात. मी एकदा एका हुशार मुलीला वटवाघळाचे पंख फळीसारखे असतात म्हणून बॅट, असं पटवून सांगताना ऐकलंय. कल्पना सुंदर होती. चूक होती.

बॅट हे दोन वेगळे शब्द आहेत. फळीचा बॅट जुन्या इंग्रजीतल्या सोटा या अर्थाच्या शब्दातून आला. वटवाघळाला पूर्वी इंग्रजीत 'बक्क' असं काहीसं म्हणत, ते उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलं आणि घासून घासून बॅट झालं. दोन वेगळ्या गावचे दोन माणसं, आडनाव योगायोगाने एक. मुलांना हे मराठीतून सांगा, लगेच कळेल. 'नाव' म्हणजे माणसाचं नाव आणि 'नाव' म्हणजे तापीवरची होडी. पहिलं आलं संस्कृत नाम पासून, दुसरं नौ पासून. 'ती जाते' आणि 'दळायचं जाते'. पहिलं याति, दुसरं यंत्र. दगडाचं जातं म्हणजे यंत्र, हे ऐकून मुलं हमखास खूश होतात, माझा अनुभव आहे. तुमची मुलं तीन भाषांत वावरतात, तेव्हा त्यांना भिल्लीतलीही अशी एखादी जोडी शोधायला सांगा. एकदा त्यांनी स्वतः सांगितली की इंग्रजीचा धाक निम्मा होतो.

बँकेचं प्रकरण मधलं आहे. पैशाची बँक इटलीतून आली. तिथले सावकार बाजारात बाक मांडून त्यावर नाणी बदलून देत, त्या बाकाला 'बांका' म्हणत. नदीचा काठ उत्तरेकडून आला, तिथे त्याचा अर्थ उंचवटा. पण खूप मागे गेलं तर दोन्ही एकाच जर्मानिक घराण्यातले निघतात, कारण मातीचा लांबट उंचवटा आणि बसायचा बाक दिसायला सारखाच. चुलत भाऊ म्हणा, लहानपणी ताटातूट झालेले. वर्गात एवढं खोल जाऊ नका. दोन वेगळे शब्द म्हणून शिकवा आणि कुणी विचारलंच तर ही गोष्ट सांगा.

ओळखायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कोशात बघा. एकाच मुळाचे अर्थ असतील तर ते एकाच नोंदीत १, २, ३ असे खाली येतात. वेगळे शब्द असतील तर शब्द नव्याने छापतात, डोक्यावर बारीक आकडा देऊन. लाइनचं दोरीचं सगळं खटलं एका छताखाली सापडेल, बॅटची दोन घरं. शाळेत चांगला मोठा कोश नसेल तर मुख्याध्यापकांकडे मागा. माझ्या पहिल्या शाळेत कोश कपाटात कुलूपबंद असायचा, मळेल म्हणून.

प्रश्न : बाई, मी सातवीत आहे. रांगेला इंग्रजीत लाइन लिहू की क्यू? आमच्या पुस्तकात क्यू आहे, पण मॅडम लाइन म्हणतात.
– एक मुलगी, चोपडा

उत्तर : बेटा, दोन्ही बरोबर. इंग्लंडची माणसं क्यूमध्ये उभी राहतात, अमेरिकेची लाइनमध्ये. क्यू हा फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ शेपूट. म्हणजे बसस्टँडवर आपण सगळे एका शेपटात उभे असतो. पुस्तकात आहे म्हणून परीक्षेत क्यू लिही. त्या स्पेलिंगमध्ये पाच अक्षरं आहेत आणि उच्चार पहिल्याच अक्षराचा होतो, बाकीची चार त्याच्यामागे रांगेत उभी आहेत असं समज. ऐन वेळी त्यांचा क्रम आठवला नाही, तर लाइन लिहून मोकळी हो.